पलीकडे फक्त हवा

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशीची दुपार. मी करंज्या लाटत होते आणि गिरगावातून मदतीला आलेल्या नणंदबाई सारण भरता भरता मला सल्ले देत होत्या. हे आधीच सांगते, कारण कोणीतरी विचारणारच – तेव्हा तुमचा डोळा लागला होता का? नव्हता लागला. भूतबाधा वगैरे मी कधी मानली नाही. आजही मानत नाही.

आमचं घर लालबागला, पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे शेजारी नाही, गॅलरी नाही, पाइपही नाही. फक्त हवा. याच जागेवर पूर्वी आमची चाळ होती. तिथे भरदिवसा कोणाचं दार बंद दिसलं की शेजारीण मधल्या भिंतीवर दोनदा ठोकायची – आहेस ना? आतून एकदा ठोकायचं – आहे. उत्तर आलं नाही की सगळा मजला दारात हजर.

माझी मुलगी ऋचा अकरावीत आहे. मोबाइलवरच्या एका मदतगटात ती 'ऐकणारी' म्हणून काम करते, रीतसर ट्रेनिंग घेऊन. तिच्याच वयाची मुलं नाव न सांगता मनातलं लिहितात. ही ऐकते, उपदेश करत नाही. कोणाच्या जिवाला धोका वाटला तर ताबडतोब समुपदेशक मॅडमना कळवायचं, हा पक्का नियम; घरच्यांचे नंबर फक्त त्यांच्याकडे असतात.

त्या दुपारी ती आतून आली ती पांढरीफटक.

"आई, एक मुलगी बोलता बोलता गप्प झालीय. 'आता बास' लिहिलं आणि... मॅडमना कळवलंय. त्या तिच्या आईला फोन लावतायत, लागत नाहीये."

"तू काय लिहिलंस?"

"आहेस ना, एवढंच. परत परत."

"सणासुदीला परक्यांची दुखणी घरात कशाला गं आणायची?" – नणंदबाई.

"आत्या, प्लीज, जरा गप्प बस!"

आणि भिंत वाजली. पूर्वेची. दोनदा.

नणंदबाईंच्या हातातलं सारण ताटात सांडलं. मी विचारबिचार काही केला नाही. इतक्या वर्षांची सवय – उठले आणि हातातल्या लाटण्याने भिंतीवर एकदा ठोकलं.

लगेच ऋचाचा मोबाइल वाजला. त्या मुलीने लिहिलं होतं – 'मी आत्ता भिंतीवर दोन बुक्क्या मारल्या. पलीकडून कोणीतरी एकदा ठोकलं. पण शेजारचे तर गावी गेलेत... घराला कुलूप आहे.'

'तिथेच बस,' ऋचाने लिहिलं. 'मी आहे.'

मॅडमचा फोन शेवटी लागला; मुलीची आई घरी पोचेपर्यंत दोघी लिहीत राहिल्या. मुलगी सुखरूप आहे. राहते पार कफ परेडच्या बाजूला. नाव सोडून बाकी सगळं लिहा, असं तिनेच ऋचाकडे निरोप देऊन सांगितलं, म्हणून लिहितेय.

सोसायटीत कोणी म्हणालं लिफ्टचा आवाज असेल, कोणी म्हणालं कबूतर. दोनदा ठोकून उत्तराची वाट बघणारं कबूतर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

नणंदबाईंचं निदान तयार होतं. "सुनंदा, पोरीच्या मागे काहीतरी लागलंय. ते अ‍ॅप काढून टाक आधी. उद्या माणूस पाठवते, भिंतीला नारळ बांधून घे."

"वन्सं, चाळीत भिंत वाजली की आपण धावत जायचो. तेव्हा कोणाला बाधा झाली?"

"तेव्हा पलीकडे माणूस होता!"

"आत्ताही होता."

कसं झालं ते मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, फक्त 'मनाचे खेळ' म्हणू नका. तिघींनी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस नारळ घेऊन आलाच. त्याला चहा-करंजी दिली आणि नारळासकट परत पाठवलं. मग ऋचाचं टेबल आतल्या खोलीतून ओढत आणून पूर्वेच्या भिंतीला लावलं, त्यावर माझं लाटणं ठेवलं, आणि शंकरपाळ्या बाटलीने लाटल्या.