दादाने न भरलेला फॉर्म

नवीन पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "दोन तास आधी आणायला हवं होतं." माझा मोठा भाऊ गेला होता. मी रडले नाही, मला आधी त्याचा रागच आला... सहा आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं. मला ते जमणार नाही.

दादाचा कारखाना बंद पडला आणि नोकरीबरोबर घराचा आरोग्य विमाही गेला. त्या जुन्या विम्यात त्याने साहेबांच्या मागे लागून माझंही नाव घातलं होतं. मग नेरे गावातल्या आमच्या घरी विमा एजंटांची रीघ लागली. दादा प्रत्येकाला ओटीवर बसवायचा, चहा पाजायचा आणि कागद पुढे ओढून एकच विचारायचा, "यात माजी बहीन बसते काय?" बसत नव्हती. मी विधवा, पंधरा वर्षं भावाकडे राहणारी. पण त्याने पाहिलेल्या एकाही पॉलिसीच्या कुटुंबात नवरा, बायको, मुलं आणि फार तर आईबाप, यापलीकडे कोणी नव्हतं. एका एजंटाने पहिल्याच आठवड्यात तोडगा सांगितला, तुम्ही नवरा-बायको आणि मुलगा, तिघांची एक, ताईंची वेगळी. दादा उठून उभाच राहिला. "वेगली कशापाय? आमची चूल एक हाय."

"दादा, मला वेगळी चालेल," मी म्हटलं.

"तुला चालंल. मना नाय चालनार."

यामागचं खरं कारण मला ठाऊक होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. आमची जमीन सरकारात गेली तेव्हा मोबदल्यातला वाटा सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर याच दादाने माझी सही घेतली होती. मी मुकाट्याने केली. पुढे नवरा गेला आणि मी याच घरात परत आले. एकदा कागदावरून हिला काढलं, आता पुन्हा नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं असणार. एकदा तरी माझ्याशी बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं... कदाचित नसतंही केलं. पण जमिनीची टोचणी विम्याच्या कागदावर काढायची काय गरज होती? सात महिने तो पत्रकं ताडून बघत बसला आणि सगळं घर विम्याविना राहिलं.

त्या सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. "मोठ्या दवाखान्यात नको, विमा नाय. गॅस हाय, उतरंल," म्हणत तो ओवा चघळत पडून राहिला. त्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने आणलेली रिक्षाही त्याने परत पाठवली. दवाखान्यात डॉक्टर ते सांगून आत गेल्यावर बाकावर बसलेली वहिनी मला एवढंच म्हणाली, "विमा तुज्यापायी रायला." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तेरावं झाल्यावर भाच्याने एजंटाला बोलावलं. दोन वेगळे फॉर्म. मायलेकांचा पंधरा मिनिटांत झाला. माझ्या फॉर्मवर एजंट थांबला. "ताई, नॉमिनी कोण?" दादाखेरीज मला नाव सुचेना. मी वहिनीकडे पाहिलं. ती कप उचलून आत गेली. भाचा म्हणाला, "आत्या, माजं लिव." मी म्हटलं, "आईला विचार आधी."

त्याने विचारलं की नाही, माहीत नाही. एजंटाचे दोन फोन येऊन गेले. फॉर्म माझ्या उशाखाली आहे. वहिनी स्वतः येऊन सांगेपर्यंत मी तो भरणार नाही. हे शुद्ध वेडेपण आहे, कळतं मला. दादालाही तेव्हा कळत असणार.