मडगार्डावरून ओळख

माणसांना तोंडं देऊन देवानं उगाच वेळ घालवला, असं प्रामाणिकपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. मस्कतजवळ रुसैलला मी ज्या स्पेअर पार्टच्या दुकानात काम करतो, त्याच्या समोरच्या गॅरेजात डेंटिंग करणारे, मूळचे दापोलीकडचे आमचे चाचा. "तो कोण रं, चॉकलेटी करोला, मागचा दरवाजा रंगवलेला?" असं ते माझ्या सख्ख्या मेहुण्याबद्दल विचारत. माझ्या बायकोनं एकदा हौसेनं लग्नाचा अल्बम काढला. चाचांनी पहिल्याच फोटोला नाक टेकवलं आणि बायको कौतुक ऐकायला सावरून बसली. "फियाट," चाचा म्हणाले, "पण डावा दिवा नंतरचा हाय." त्या दिवशी त्यांना चहा बिनसाखरेचा मिळाला, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. आमच्या अर्बाबानं, म्हणजे ओमानी मालकानं, आजोबांचा गाडीशेजारी उभा असलेला जुना फोटो अभिमानानं दाखवला, तेव्हाही चाचांनी आजोबांना ओलांडून बंपरच नकली ठरवला. आम्ही मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो होतो, पण अर्बाब पोट धरून हसला.

एवढ्या या विद्वानाला एकच गाडी ओळखता येत नव्हती, आणि तिचा फोटो त्यांच्याच पाकिटात होता. चाचा दोन वर्षांचे असताना त्यांचा बाप ड्रायव्हर म्हणून इकडे आला, तो परत गेलाच नाही. इथल्याच बरका गावाहून कुणीतरी तो वारल्याची चिठ्ठी पाठवली. कुठे पुरलं, ते तिच्यात नव्हतं. मागे राहिला बापानं पाठवलेला हा एक फोटो: कमरेपर्यंत बाप, शेजारी एक मडगार्ड, अर्धा दिवा, आणि बाकीची गाडी चौकटीबाहेर. "गाडी गावली की मालक गावेल, मालक गावला की कबर," हा चाचांचा हिशेब. त्यासाठी ते दर शुक्रवारी सकाळी बरकाच्या मासळीबाजारात म्हाताऱ्या ओमानींना गाठून फोटो दाखवत, आणि दाखवताना बापाच्या तोंडावर अंगठा दाबून धरत. मी हटकलं तर म्हणत, "माणूस दिसला की लोक गाडी बघत नाय." वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर होतो. चाचांनी सुरमई निवडता निवडता हात बरबटून घेतले होते, म्हणून समोर टेकलेल्या एका म्हाताऱ्यापुढे फोटो मी धरला. अंगठ्याशिवाय. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"गाडी नाही माहीत," तो अरबीत म्हणाला. "पण हा तर आमच्या शेजारच्या वखारीतला ड्रायव्हर. याला मी खांदा दिलाय."

चाचांच्या हातातली सुरमई तशीच राहिली. म्हातारा आम्हांला खजुरीच्या बागेमागच्या कबरस्तानात घेऊन गेला. तिथे नुसते उभे दगड होते, एकावरही नाव नाही. "या रांगेतलाच," एवढंच त्याला सांगता आलं. चाचा रांगेच्या एका टोकाला उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसाठीच फातिहा पढली. मग म्हाताऱ्याकडे वळले. आता मडगार्डाचं काढणार, असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "उंच होता का?"

म्हाताऱ्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांच्या डोक्याच्या जरा वर हात धरला. "याच्याहून चार बोटं जास्त."

परतताना मी गाडी चालवत होतो आणि चाचा शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. साठीला आलेला तो माणूस मला त्या दिवशी फार लहान वाटला. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी फोटो काढला, दोन्ही हातांनी कडेकडेनं धरला, आणि म्हणाले, "म्हणजे मी आयेवर गेलोय."