मांजरीशेजारची खुर्ची

नवऱ्याचं घर सोडून, लेकीला कडेवर घेऊन ती माहेरी आली, तेव्हा थोरल्या भावाने दारातच सांगितलं, "घरात जागा नाही." त्याच्या पाठीमागे मधली खोली रिकामी दिसत होती. ते वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं.

पुढे मुलांसाठी परग्रहवासीयांच्या गोष्टी लिहून तिने चांगलंच नाव काढलं. दर पुस्तकात ते हिरवे पाहुणे यायचे आणि अख्ख्या गल्लीला यानात बसवून न्यायचे. इस्त्रीवाला जायचा, खडूस घरमालकीण जायची, वहिनी आणि तिची लंगडी मांजरसुद्धा जायची. मांजरीला तर खिडकीची जागा! मांजरीशेजारची खुर्ची मात्र ती चित्रकाराकडून मुद्दाम रिकामी काढून घ्यायची. आणि नवं पुस्तक भावाच्या घरी स्वतः नेऊन द्यायची.

या वेळी भावाच्या नातीने सगळी चित्रं धुंडाळली. "आत्याआजी, यात आजोबा कुठेच कसे नाहीत?"

भावानेही चष्म्यावरून पाहिलं.

तिने चहाचा कप सावकाश खाली ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "काय करणार बाळा, यानात जागा नव्हती."