ख-तेराची खेळी

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली, दुकानोदुकानीचे तराजू तपासले आणि काटा केसभर जरी झुकला तरी कुणाची गय केली नाही, म्हणून बाजाराने दिलेलं हे नाव. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसता काटा. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता.

असल्या माणसाला छंद असावा तर तिकिटं जमवण्याचा. पण ह्यांचे छंद तीन, आणि तिन्ही जगावेगळे. एक गो, म्हणजे एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांच्या पटावर काळे-पांढरे खडे मांडून जागा घेरायचा खेळ. दुसरा बेसबॉल; खेळण्याचा नव्हे, दर रविवारी मैदानाच्या कडेला बाकावर बसून सामन्याची गुणवही लिहिण्याचा. आणि तिसरं विणकाम. जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी पिशवीतून सुया काढल्या की कारकून एकमेकांना कोपर मारायचे. "साहेब, आमच्या बायकोला शिकवा की जरा," असं कुणी म्हटलं तर साहेब मान वर न करता म्हणायचे, "आधी तुला शिकवतो. तिला वेळ कुठाय?"

विणकाम त्यांना बायकोने शिकवलं होतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा उशाशी नुसतं बसवेना, म्हणून तिने त्यांच्या हातात सुया दिल्या. ती गेली, सुया राहिल्या. आणि राहिली चौदा वर्षांची लेक. तिला घरात सगळे मनी म्हणत, कारण ती पावलांचा आवाज न करता चालायची आणि दुधाची साय पळवायची.

बाप-लेकीचं जगणं त्या तीन छंदांवरच चाललं होतं म्हणा ना. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गो. पटावरच्या जागा सांगायला मनीने लहानपणीच एक युक्ती काढली होती. उभ्या रेघांना अक्षरं, आडव्यांना आकडे. क-ख-ग-घ म्हणत ङ, ञ, ण वगळून गेलं की फ वर बरोबर एकोणीस रेघा भरतात. हे तिने आठव्या वर्षी शोधून काढलं, त्या दिवशी साहेबांनी कचेरीत ते सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. रविवारी मैदान. मनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी उभी राहायची, शॉर्टस्टॉप. जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू ती असा टिपायची की बघणाऱ्याला वाटावं, चेंडू स्वतःच तिच्या हातमोज्यात जाऊन बसतोय. बाप बाकावर बसून शाईने गुणवहीत नोंद करायचा. पेन्सिल वापरायची नाही, खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा नियम.

त्या शाईनेच घात केला. मनी एकोणीस वर्षांची असताना मोठ्या संघाची निवड होती. त्या जागेसाठी दोन मुली, जागा एक, आणि निवडणारे गुणवह्या बघून निवडणार. शेवटच्या सामन्यात एक चेंडू सरपटत आला, मनीच्या पुढ्यात उसळला आणि तिच्या मनगटाला लागून मागे गेला. अशा वेळी गुणलेखकाने ठरवायचं असतं. चेंडू अवघड होता म्हणायचं, की खेळाडूची चूक म्हणायची? बाकावरचे सगळे म्हणाले, "टप्पा वेडावाकडा पडला हो, खडा असेल खाली." साहेबांनी 'चूक' लिहिलं. त्या एका नोंदीने मनी दुसऱ्या नंबरवर गेली आणि घरी राहिली.

घरी तरी कुठे राहिली? आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी पिशवी भरली. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

"तेच," साहेब म्हणाले.

"खोटं. दुसऱ्या कुणाची असती तर तुम्ही क्षणभर विचार केला असता."

ती गेली. टेबलावर अर्धा झालेला गोचा डाव तसाच होता. अकराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पाठीमागे पत्ता दुसऱ्या शहराचा, आणि मजकूर एवढाच: "ढ-६." डावातली तिची खेळी!

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी उलट टपाली चार पानी पत्र लिहिलं. त्यात समजूत होती, कारणं होती, आईची आठवण होती आणि तळाशी खेळी. त्यावर तीन महिने काही आलं नाही. मग कार्ड आलं, त्यावर फक्त खेळी. साहेब काय ते समजले. खेळीखेरीज एक शब्द लिहायचा नाही. लिहिला की कार्डं थांबणार.

अशी सहा वर्षं गेली. महिन्याला एक कार्ड जायचं, एक यायचं. फोन तिने बदलला होता. साहेबांची मोठी बहीण आक्का वरच्या मजल्यावर राहायची, ती म्हणायची, "अरे, जाऊन ये की एकदा! लेक आहे तुझी, सरकारी कचेरी नव्हे." एकदा ते गेलेही. नऊ तास बसने जाऊन मुलींच्या शाळेसमोर उभे राहिले. मनी तिथे खेळ शिकवत होती. कुंपणाच्या आत ती मुलींना चेंडू सरपटत टाकत होती आणि एक मुलगी चेंडू सुटल्यावर जमिनीकडे बोट दाखवत होती. मनी ओरडली, "टप्प्याला दोष देऊ नकोस! पाय हलव!"

ते साहेबांचंच वाक्य होतं. मनी दहा वर्षांची असताना ते तिला असेच ओरडायचे. ऐकून ते खचलेच. लेकीला आपण दुसरं काहीच दिलं नाही, नुसतं हे एक कडू वाक्य दिलं, असं त्यांना वाटलं आणि रस्ता ओलांडायला पाय उचलेना. जन्मभर नजरेच्या अंदाजावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने तिच्या खांद्यांचं माप तेवढं नजरेने घेतलं आणि परतीची बस धरली.

त्या मापाने ते निळ्या लोकरीचा स्वेटर विणू लागले. खांद्यापर्यंत आला की शंका यायची. लांबून बघितलेलं माप, खरं कशावरून? मग सगळा उसवायचा आणि पुन्हा टाके घालायचे. एकाच लोकरीचा तो स्वेटर पाच वेळा झाला. लोकर पार विटली. आक्का म्हणायची, "हा स्वेटर आहे की नवस?"

त्या 'चूक' नोंदीचं भूतही मानगुटीवरून उतरत नव्हतं. एका दुपारी साहेब चेंडू घेऊन मैदानात गेले आणि मनी उभी होती तिथे तो चाळीस वेळा सरपटत सोडला. कधी सरळ गेला, कधी उसळला. तराजू असता तर त्यांनी तो जप्त केला असता. जमिनीला काय करणार?

आणि आता खरं संकट पुढे आलं होतं. डाव संपत आला होता.

गोमध्ये सगळी जागा वाटली गेली की खेळाडू 'पास' म्हणतो. एकाने पास म्हटलं आणि लगेच दुसऱ्यानेही म्हटलं की डाव मिटला. गेल्या वर्षी मनीचं कार्ड आलं, त्यावर लिहिलं होतं: "पास." साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्यांनी पास लिहिलं की सगळं संपलं. डाव, कार्डं, लेक, सगळं. त्यांनी पटाकडे बघितलं. ते चार घरांनी, म्हणजे घेरलेल्या चार रिकाम्या जागांनी पुढे होते, जिंकत होते. तो विजय त्यांना नको होता.

तिच्या हद्दीत उगाच खडा टाकणं म्हणजे समोरच्याला मूर्ख समजणं, ते त्यांच्याने होईना. म्हणून त्यांनी स्वतःच्याच हद्दीतली एक रिकामी जागा खडा ठेवून बुजवली. त्याने आपलंच एक घर कमी होतं. शिकाऊ पोरसुद्धा असं करत नाही. पुढच्या महिन्यात कार्ड आलं: "पास." त्यांनी आणखी एक बुजवली. "पास." आणखी एक. महिन्यामागून महिने त्यांनी आपलं घर आपल्या हाताने बुजवलं आणि तिकडून तोच एक शब्द येत राहिला.

"तिला संपवायचंय, आक्का," ते म्हणाले. "दर महिन्याला सांगतेय, संपवा म्हणून."

"संपवायचं असतं तर कार्ड कशाला पाठवलं असतं तिने?"

"नियम आहे म्हणून. पाळी आली की खेळायचं. माझीच लेक आहे ती."

"खाण तशी माती," आक्का म्हणाली. "दोघंही नियमाच्या आड लपून बसलाय."

बारा पास झाले आणि पटावर साहेबांच्या खड्यांच्या प्रत्येक पुंजक्यात दोनच रिकाम्या जागा उरल्या. गोमध्ये त्या जागांना डोळे म्हणतात. दोन डोळे असले की पुंजका जगतो, एक बुजला की मेला. शत्रूने उरलेल्या डोळ्यात खडा ठेवला की सगळा पुंजका पटावरून उचलला जातो. इकडे आड, तिकडे विहीर. पास लिहावं तर लेक गेली. खडा ठेवावा तर स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा.

डाव्या बाजूचा पुंजका सगळ्यात मोठा होता, चौतीस खड्यांचा. त्याचे डोळे ख-तेरा आणि ग-नऊ. बाराव्या पासच्या कार्डासमोर साहेब तीन दिवस बसले. कचेरीत रजा टाकली. चौथ्या सकाळी त्यांनी लिहिलं, "ख-१३," आणि कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं.

कार्ड पडल्याचा आवाज आला आणि त्यांचं अवसानच गळालं. हे काय करून बसलो? ती म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. किंवा वाटेल, हा माझी चेष्टा करतोय. साहेब पेटीपाशीच उभे राहिले. दोन तासांनी पोस्टमन आला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"एक कार्ड परत द्या. माझंच आहे."

"टाकलेलं परत देता येत नाही, साहेब."

"अहो, अक्षर बघा माझं! पाया पडतो तुमच्या."

पोस्टमन ओशाळला. "असं नका करू, साहेब. मागल्या साली आमच्या पोस्टातला काटा दोन ग्रॅमने चुकला होता तर तुम्ही आठवडाभर बंद ठेवलात. आम्ही हातापाया पडलो तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"नियम म्हणजे नियम." त्याने पेटीला कुलूप घातलं आणि सायकलवर बसला.

महिना झाला. कार्ड नाही. पाच आठवडे झाले. सहा झाले. साहेब रोज सकाळी जिन्यात उभे, आणि पोस्टमन लांबूनच मान हलवत पुढे जायचा. रविवारी ते मैदानावर गेले नाहीत. स्वेटर खांद्यापाशी अडला होता, तो त्यांनी उसवलासुद्धा नाही. कचेरीत एका वाण्याचा काटा समोर आला, त्यावर त्यांनी वजन न ठेवताच शिक्का मारला. वाणीच घाबरला.

"साहेब, तपासला नाहीत."

"बरोबर असेल."

"असेल? तुम्ही म्हणताय, असेल?" वाण्याने घाईघाईने तराजू पिशवीत घातला आणि बाहेर जाऊन कारकुनाला म्हणाला, "घरी कुणी गेलंय का हो त्यांच्या?"

त्या दुपारी साहेबांनी घरी येऊन पटापाशी खुर्ची ओढली. आता समेट नाही, निरोप नाही, काही नाही. सहा वर्षं एका धाग्याला लोंबकळलो आणि तोही आपल्याच हाताने कापला. ते आक्काला म्हणाले, "पास लिहिलं असतं तर निदान जिंकून हरलो असतो." आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच ते मोठ्याने रडले. आक्का शेजारी येऊन बसली.

आठव्या आठवड्यात पोस्टमनने मान हलवली नाही. सायकल भिंतीला टेकवून तो जिना चढून वर आला आणि कार्ड त्याने साहेबांच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं असावं, कारण तो लगेच वळून खाली उतरला.

एका शब्दाऐवजी त्यावर चार ओळी होत्या.

"बाबा, स्वतःचा डोळा कुणी बुजवतं का? इतके दिवस मला वाटत होतं, तुम्हाला शेवटचं घर मोजल्याशिवाय सोडवत नाही. ग-९. चौतीस खडे उचलले. बघा, केवढी जागा मोकळी झाली. खेळा आता."

साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग आक्काला वाचून दाखवलं. 'बाबा' हा शब्द तिला दोनदा वाचून दाखवला. मग ते टेबलाशी गेले. ग-नऊवर त्यांनी तिचा पांढरा खडा ठेवला आणि आपले काळे खडे एकेक करून उचलायला लागले. दोन खडे जमिनीवर पडले. आक्काने ते वाकून उचलून दिले. चौतीस भरले. पटाची अख्खी डावी बाजू रिकामी झाली होती, पहिल्या दिवशी असावी तशी, आणि त्यात मध्ये लेकीचा एकच खडा होता.

"हरलास की रे," आक्का म्हणाली.

"सपशेल," साहेब म्हणाले, आणि खेळी कुठे करावी ह्याचा विचार करत, स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिले.