विनायकभावजी आणि गोळ्यांचं यंत्र

विनायकभावजी कुणाच्याही घरी गेले, की आधी तिथलं सामान हलवायचे. चहा राहिला बाजूला, पान राहिलं बाजूला. वहाणा काढून आत आले की भिंतीशी असलेल्या कपाटाकडे मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "हे इथं का ठेवलंय? उजेड अडवतंय की." यजमान हो-ना करेपर्यंत कपाट दुसऱ्या भिंतीला गेलेलं असायचं. एकदा भाच्याचं लग्न ठरवायला गेले, तर मुलीकडच्यांचा पलंग माडीच्या या टोकाचा त्या टोकाला लावून आले. तरी लग्न जमलं, कुणाच्या पुण्याईनं ते देव जाणे.

हे माझे थोरले दीर, शाळेत ड्रॉइंग मास्तर. आज भावजी नाहीत, पण कुठं काही सरकवल्याचा आवाज आला की मला अजून वाटतं, आले बरं का. माळशिरसहून लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी चूल सोडून माझं सगळं स्वयंपाकघर फिरवलं. मीठ शोधता शोधता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फणकारले, तर शांतपणे म्हणाले, "सरूबाई, वस्तू एका जागी फार दिवस राहिली, की माणूस तिच्याकडं बघायचंच सोडतो." वर ट्रंकेला म्हणतात कसे, "या आजोबा, जरा डावीकडं व्हा." जड वस्तूंशी ते असं अदबीनं बोलायचे. माणसांशी बोलताना मात्र समोरच्याचं ऐकायची त्यांना कधी सवयच नव्हती.

त्यांना पुरून उरणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको, माझ्या जाऊबाई, माई. आम्ही सगळे माळशिरसकडचे. माई तेवढ्या सोलापूरच्या, विणकरांच्या आळीत वाढलेल्या. शेजारपाजारच्या पद्मशाली बायकांशी तेलुगूत अशा गप्पा हाणायच्या की आम्ही नुसतं तोंडाकडं बघत राहायचं. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

अशा माईंच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला, पाय ओढायला लागला, तोंड जरासं वाकडं झालं. पुढं हळूहळू जीभ वळायला लागली. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं ते 'पाई' असं आलं, आणि बघायला आलेली एक बाई फिस्सकन हसली. झालं. माईंनी तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. डॉक्टर म्हणायचे, त्यांना बोलता येईल, धरून जिना खाली-वर करता येईल, पण त्यांच्या मनात नाही. माडीवरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. भावजी शाळेतून आले की त्यांच्याजवळ बसून दिवसभराच्या सगळ्या गमती सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "अगं, नुसतं हूं तरी म्हण." मी ताट घेऊन जिन्यात उभी असायची. ते ऐकून मला रडू फुटायचं, आणि ताट घेऊन मी तशीच खाली यायची.

अशात गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. भावजी नुसते बघायला म्हणून सायकलवर गेले आणि चालत परत आले. मागून बैलगाडीत एक धूड येत होतं. जाड लाकडाची उतरती पेटी, तिला चार पाय, वर काच, काचेखाली पितळी खिळ्यांचं रान, आणि कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी सुर्रकन वर जायची आणि खिळ्यांना धडकत, टिंगटिंग वाजत कुठल्यातरी भोकात पडायची. सायकल देऊन हे आणलं. आता रोज शाळेला पायी जाणार का, म्हणून मी विचारलं, तर भावजींचे डोळे नुसते लकाकत होते. म्हणाले, "गड्ड्याच्या जत्रेत गोळ्यांच्या खेळापुढनं हिला ओढून आणावं लागलं होतं. हे वर नेऊ. दांडा ओढायला एक हात पुरतो, आणि गोळी पडली की माणूस गप्प बसूच शकत नाही." मनात म्हटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. पण खरं सांगते, मी एकदाच दांडा ओढला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला पत्ता नाही.

नेऊ म्हटलं, पण नेणार कोण? आमचे हे गिरणीत कामावर, आळीतले पुरुष मागावर. मंगळवेढ्याहून ज्वारीची पोती घेऊन आलेला राणबा तेवढा ओट्यावर भाकरी खात बसला होता, त्याला उठवला. शेजारची नरसक्का आली. माग चालवून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. आणि मी. थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही असे ते दिवस, पण मीही कासोटा आवळला आणि पदर खोचला. मलाही आता चेव आला होता.

पाय काढावेत म्हटलं तर स्क्रू गंजलेले. मग पेटीला पलंगाची नवार बांधली. वरून नरसक्का आणि मी ओढायचं, खालून राणबा आणि भावजींनी रेटायचं. "वजनाकडं बघू नका, कडेकडं बघा," भावजी ओरडत होते. "या साहेब, चढा, लाजू नका." आमचा जिना म्हणजे अंधारा, उभा आणि मधेच वळणारा. पहिल्या पायऱ्या ठीक गेल्या. वळणावर मात्र काय झालं कुणास ठाऊक. नरसक्का जोर लावून म्हणायची, "रा, रा!" आणि नेमका त्याच वेळी खालून रेटा बंद व्हायचा. आम्ही दमून नवार सैल सोडली की राणबा खालून धक्का मारायचा आणि पेटी भिंतीत घुसायची. चुना खाली, गोळ्या आत गडगड. नरसक्काचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, ती आणखी जोरात "रा, रा" करायला लागली. खालून राणबाही तापला.

"रायलोय की! आनि किती रायाचं?"

आणि पेटी अडकली ती अडकलीच, वर जाईना, खाली येईना. भावजी आपले, कडेकडं बघा, कडेकडं बघा. कुणी कुणाचं ऐकेना. मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, माडीवरून आवाज आला. जड, अडखळत, पण चांगला चिडलेला.

"राणबा, अरे, ती 'ये' म्हणतेय. तू थांबतोस काय?"

आधी मला अर्थ लागला, मग आवाज कुणाचा ते कळलं. नरसक्काच्या तेलुगूत 'रा' म्हणजे ये. मंगळवेढ्याच्या राणबाला 'रा' म्हणजे राहा, हलू नको. एका शब्दावर दोघं एकमेकांविरुद्ध झुंजत होती, आणि हे कळणारं माणूस घरात एकच होतं. ते खोलीच्या दारात चौकटीला धरून उभं होतं. तोंडावर पदर नव्हता.

नरसक्कानं हातातली नवार सोडली आणि तोंडावर हात घेतला. खाली भावजींनी पेटीवरचे हात काढले. मग हे शाळेचे मास्तर चक्क चार पायांवर रांगत, पेटीच्या खालून, जाळीजळमटं डोक्यावर घेऊन वर निघाले. दारापर्यंत गेले आणि तिथंच गुडघ्यांवर बसले.

"काय म्हणालीस? परत एकदा म्हण."

माईंनी जिन्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"जिना अडवून ठेवलात," माई म्हणाल्या. "आता मी खाली कशी येऊ?"

भावजींनी उपरण्यात तोंड खुपसलं. खांदे गदगदा हलत होते. मग तसेच वळून, रडता रडता जिन्यात ओरडले, "राणबा, खाली घे रे ते. हिला खाली यायचंय."