तपासनिसाचं तेल

मुंबईच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं रोशा गवताचं सुगंधी तेल तपासलं. डबे यायचे माझ्याच मुलखातून, खानदेशातून. लाखेची मोहर फुटलेली दिसली की तो डबा मी हातही न लावता परत पाठवायचा. भेसळ पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यात मला आसुरी आनंद व्हायचा. समोरचा माणूस लबाडच आहे असं धरून चाललं की ते काम फार सोपं होतं.

मग एक दिवस हुक्की आली, दुसऱ्याचं तेल हुंगत बसण्यापेक्षा आपणच का काढू नये? नोकरी सोडून मी ब्राह्मणपुरीला घरी आलो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्याकाठी भट्टी घातली. त्या नाल्यावर आधीच चार भट्ट्या होत्या. हंड्यात गवत उकळायचं, वाफ नळीतून नाल्याच्या थंड पाण्यात न्यायची आणि वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. हे काम मी एका म्हाताऱ्या भिल्लाकडे सोपवलं. त्याचा जन्म त्यातच गेला होता.

दिवाळीच्या तोंडावर पहिले चार डबे भरले. मी ते लाखेनं बंद केले, तपासणीचा दाखला लिहिला, खाली पदवीसकट सही ठोकली आणि नंदुरबारला एका मारवाडी शेठच्या पेढीवर नेले.

तिथली रीत वेगळी. डबा उघडा ठेवायचा, दलालानं थेंबभर तेल तळहातावर चोळायचं, हुंगायचं, मग बोलणी. मी म्हणालो, मोहर फुटणार नाही. हा दाखला वाचा.

दलालानं शेठकडे पाहिलं. शेठनं दाखला उलटसुलट केला.

"साहेब, माल बी तुम्हनाच आन तपासनाराबी तुम्हीच?"

मी भडकलो. माझ्या सहीवर मुंबईत डबे चालायचे किंवा फेकले जायचे, असं काहीबाही बोललो. शेठ शांतपणे म्हणाला, त्यातला एक फेकलेला डबा त्याचाच होता, आणि त्यानंही तेव्हा शपथेवर चांगला म्हणून सांगितलं होतं.

डबे घेऊन परत आलो. वाटभर डोक्यात एकच, ह्या लोकांनी आपसांत काहीतरी ठरवलंय. भट्टीवर पोचताच चारही मोहरा फोडल्या आणि प्रत्येक डब्यातलं तेल काचेच्या नळीत स्पिरिटमध्ये घालून हलवलं. शुद्ध तेल त्यात स्वच्छ विरघळतं. तीन नळ्या स्वच्छ. चौथी दुधासारखी पांढरी.

ती नळी पुन्हा हलवली, पांढरीच राहिली. मग राग आला, आणि तो नेहमीच्या वाटेनंच गेला. शेजारच्या भट्ट्यांवरची माणसं पाणी भरायला आली होती. त्यांच्यादेखत मी म्हाताऱ्यावर ओरडलो, "यामा काय टाकं तू?"

"मी काहीच नही टाकं."

एवढंच बोलून तो निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या चालण्यातही मला चोरी दिसली. लाज वाटते आता लिहिताना.

पुढचे दोन दिवस मी एकटाच भट्टीशी झटत होतो. चौथा डबा रिकामा करून स्पिरिटनं तीनदा विसळला, तरी स्पिरिट पांढरंच होत राहिलं. तेव्हा आठवलं. नवे डबे तीनच मिळाले होते. चौथा वाण्याकडचा जुना, भुईमुगाच्या तेलाचा. राखेनं घासून मीच धुतला होता. सांध्यांत तेल राहिलं होतं.

त्याहून वाईट पुढे आहे. मी तपासलं होतं भट्टीखालच्या भांड्यातलं तेल. डबे भरल्यावर एकही तपासला नव्हता. दाखला मात्र चारही डब्यांचा लिहिला. प्रयोगशाळेत असा कागद कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर त्याला मी दारातून हाकललं असतं. दिवाळीआधी माल विकायची घाई माझ्यातल्या तपासनिसाला नव्हती, माझ्यातल्या व्यापाऱ्याला होती, आणि सही त्यानं तपासनिसाची वापरली. नऊ वर्षं सगळ्यांवर संशय घेतला, एक माणूस तेवढा राहून गेला होता.

मी म्हाताऱ्याच्या झोपडीवर गेलो. "बाबा, मन्ही चूक व्हयनी. तेल चांगलं व्हतं, डबाच खराब व्हता."

तो बाजेवरून उठला नाही. "हाई तू माले सांगी ऱ्हायना. भट्टीवरना लोकेस्ले कोन सांगी? माले आते कोनीच काम देत नही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याला बरोबर घेतलं आणि नाल्याच्या काठानं चारही भट्ट्यांवर गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, डबा मी धुतला, तपासला नाही, आळ ह्याच्यावर घेतला. तीन ठिकाणी लोकांनी ऐकून घेतलं. चौथ्या भट्टीवरच्या माणसानं लाकूड चुलीत सारत विचारलं, "परवा तू ह्याले चोर म्हने, आज सोताले म्हनी ऱ्हायना. तुन्हावर कसा भरोसा ठेवाना?"

हात आपसूक खिशाकडे गेला. खिशात दाखला होता, तो काढायची हिंमत झाली नाही.

म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "खरं बोली ऱ्हायना तो."

त्या माणसानं मान डोलावली आणि आम्हां दोघांना बसायला जागा करून दिली.