आत टाचलेला तुकडा

सरस्वतीपुरमच्या आमच्या घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो. मी घरूनच काम करतो. सोबत कॉम्प्युटरची, आणि तो काही गप्पिष्ट नव्हे. अप्पा शिंपी होते. दुकान बंद केल्यावर ते सरगूरला काकांकडे राहायला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. त्यांचे फोटो आहेत, त्यांनी शिवलेले शर्ट आहेत, पण त्यांचा आवाज कुठेच नव्हता. मला तो हवा होता.

अप्पा फोनवरून मला मेल पाठवायचे, बहुतेक 'जेवलास का' छापाचे. एखाद्याला रेकॉर्डिंग जोडलेलं असेल म्हणून मी माझाच प्रोग्रॅम त्यांच्या सगळ्या मेलांवरून फिरवला. मेल उघडायचा, त्याचे भाग सुटे करायचे आणि जोडलेल्या फाइली बाजूला काढायच्या, हेच माझं नोकरीतलं काम. उत्तर आलं, एकही नाही. माझ्या प्रोग्रॅमवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास, तेव्हा मी नाद सोडला.

मग एका गिऱ्हाईकाची तक्रार आली, की फोनवर स्कॅन करून पाठवलेली बिलं गायब होतात. आधी मी त्यालाच वेड्यात काढलं. नंतर तपासलं. मेलच्या भागावर 'ही जोडलेली फाइल' अशी चिठ्ठी असेल तरच माझा प्रोग्रॅम तो भाग उचलायचा. चिठ्ठी नसली तर कोसळू नये म्हणून मी त्याला तो भाग मुकाट्याने सोडायला शिकवलं होतं, आणि यालाच सुरक्षित म्हणत होतो. काही फोन चिठ्ठी लावतच नाहीत.

अप्पा उरलेलं कापड कधी वेगळं देत नसत, शर्टाच्या आतल्या बाजूला टाचून देत. नवं गिऱ्हाईक पिशवी झटकून भांडायला यायचं. अप्पा म्हणायचे, "पिशवीत काय बघता स्वामी? शर्ट उलटा करून बघा की."

मी प्रोग्रॅमला तेच शिकवलं. चिठ्ठी असो वा नसो, आत काय आहे ते बघ. पुन्हा अप्पांच्या मेलांवरून फिरवला तेव्हा एक फाइल निघाली. तिला नावही नव्हतं.

तो मेल मला आठवत होता. माझे मेलही मी माझ्याच प्रोग्रॅममधून वाचायचो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्यात तो कोरा दिसला होता. मी फोन करून अप्पांना चिडवलं होतं, की मेल आला पण आत काहीच नाही. ते म्हणाले, "इरली बिडु, असू दे. तुला काम असेल."

मी फाइल लावली. आधी नुसती खरखर, मग अप्पा.

"तुझ्या निळ्या शर्टाची कॉलर उलटवली बघ. अजून चालेल. अरे, तुझ्या काकासमोर फोनवर हे बोलायला बरं वाटत नाही, म्हणून असं पाठवतोय. मला इथं करमत नाही रे. न्यायला येतोस का? नाही जमलं तरी बेजार नाही, वाईट वाटून घेणार नाही. नुसतं सांग."

मी खूप रडलो. त्यांनी विचारलं होतं, आणि मी हसत सांगितलं होतं, आत काहीच नाही.